पेला कोणी पाडला

तोताराम नानांनी मनगट झटकलं आणि काठोकाठ भरलेला पन्ह्याचा पेला अभिमन पाटलांच्या हातून उडून थेट मोटारीच्या आत गेला. चाकापुढची काळी फळी, तिच्यावरची काचेची घड्याळं, किल्लीचं भोक, सगळं पन्ह्याने न्हालं. गुळाचे ओघळ फटीफटींतून आत उतरले.

"हे पन्हं हाये का गढूळ पानी?" नाना पुढच्या बैठकीवरून गरजले. "जनावरं बी तोंड लावनार नही."

रीत होती, नाही असं नाही. वऱ्हाड असोद्याच्या शिवेवर आलं की व्याह्याने पहिला पेला घ्यायचा नाही, नाक मुरडायचं. मुलीच्या बापाने आर्जव करायचं. मग व्याह्याने मोठ्या मनाने खाली उतरायचं. पण नाक मुरडणं निराळं आणि हात उगारणं निराळं. सुपारी फुटल्यापासून हेच चाललं होतं. कधी शेल्याचा रंग उतरलेला, कधी वाजंत्री हलके. नानांनी नाकाने कांदे सोलावेत आणि पाटलांनी मुकाट ऐकून घ्यावं. त्यात आज जळगावच्या एका शेटजीची मोटार मागून आणलेली. नानांच्या गावी, पहुरात, अजून कोणाच्या दारात मोटार उभी राहिली नव्हती, त्यामुळे नानांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

पाटील ऐकून घेत होते ते भिकूसाठी. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून ही पोटात असताना बायकोने दारोदार पदर पसरून जोगवा मागितला होता, आणि पोरीचं नावच भिकुबाई ठेवलं होतं. आता ती अंगाला हळद लावून मांडवात बसली होती. शिवेवरून नवरदेव परत गेला तर तिला पुन्हा कोण पदरात घेणार? या एका विचारापुढे पाटलांना आपला मान कस्पटासारखा वाटायचा.

शेटजीचा ड्रायव्हर रुपचंद खांद्यावरचं फडकं ओढून फळी टिपू लागला.

"नाना, हात लावू नका. आत विजेच्या तारा आहेत. मी आधी बॅटरी सोडवतो, मग उन्हात वाळू देऊ."

तो पुढचं झाकण उघडायला खाली उतरला. नानांना एवढा धीर कुठला?

"गुळाचं हाये, मुंग्या लागतीन. फडक्यानं काय व्हते?"

असं म्हणून त्यांनी पायाशी ठेवलेला तांब्या उचलला आणि चुलीपुढची जमीन धुवावी तसं सगळं पाणी फळीवर ओतलं.

मोटारीचा भोंगा आपोआप बोंबलायला लागला. थांबेचना. बैलगाड्यांचे बैल उधळले, बायका लेकरांना घेऊन बाजूला पळाल्या, सनईवाल्याने सनई काखेत मारली. फळीमागून धूर निघाला आणि जळक्या गुळाचा वास सुटला. रुपचंदने झाकणाखाली हात घालून तार उपटली, तेव्हा कुठे भोंगा गप्प झाला.

"आता किल्ली फिरवायची नाही," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "तारा जळाल्यात. ही जागची हलायची नाही."

नानांचं तोंड क्षणभर उतरलं. शेटजीला काय सांगायचं ही धास्ती त्यांच्या डोळ्यांत दिसत होती. मग त्यांना सोपी वाट सापडली.

"पाटलानं मोटार नासवली!" ते वऱ्हाडाकडे वळून ओरडले. "पेला धड धरता येत नही. मुद्दाम सांडला!"

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. पाटलांचा धाकटा भाऊ वना काठी सावरत पुढे आला.

"भाऊ, तुमी फक्त हो म्हना."

पाटलांनी त्याचं मनगट धरलं.

"आयका," नाना म्हणाले. "पाटलानं माझ्या पायावर पागोटं ठेवावं. आन मोटार बैलं जुंपून मांडवापावतर न्यावी. माझा पोरगा पायी येनार नही."

पाटील मागच्या खिडकीशी गेले. आत नवरदेव गिरधर बसला होता, मुंडावळ्या बांधलेला, जळगावला शिकलेला. त्याच्या गुडघ्यावरही पन्ह्याचे थेंब उडाले होते.

"जावईबापू, तुमी नानांच्या मागंच बसले व्हते. पेला कोनी पाडला?"

गिरधर गप्प राहिला असता तरी पाटलांनी समजून घेतलं असतं. बापापुढे लेक बोलत नाही, ते स्वतःही कधी बोलले नव्हते. तेवढी सूट त्यांनी मनात आधीच देऊन टाकली होती. गिरधरने रुमालाने गुडघा पुसला, बापाच्या मानेकडे पाहिलं आणि म्हणाला,

"तुमच्याच हातून पडला, मामा."

पाटील खिडकीशी तसेच उभे राहिले. उद्या त्या घरात काही सांडेल, फुटेल, करपेल. तेव्हा भिकूच्या बाजूने बोलणारा हाच एक माणूस असणार होता.

"बैलं आना," ते म्हणाले.

नाना टेकून बसले. मिशीवरून त्यांनी हात फिरवला. वऱ्हाडातून कोणी तरी हसलं. वनाने मान खाली घालून बैल आणले, पाटलांनी स्वतः दोर मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधला. रुपचंद चाक धरून बसला. पागोट्याचं मागाहून पाहू, असं नाना उदारपणे म्हणाले.

बैल चालू लागले. शिवेवरच्या पडीक रानातून पाटलांनी त्यांना मोठा वळसा दिला. खड्डा चुकवतात असं सगळ्यांना वाटलं. वळसा पुरा झाला तेव्हा असोदं मागे होतं.

"भाऊ, मांडव तिकडे ऱ्हायला!" वना धावत आला.

"गावाले जेवू घाल. अन्न वाया घालू नको. भिकूले सांग, मी येतो." पाटलांचा आवाज चिरकला. गाव उद्या काय बोलेल, भिकू कशी पाहील, हे त्यांना कळत होतं. पण बैलांचा कासरा त्यांनी सोडला नाही.

"पाटील, डोकं फिरलं काय?" नाना दार उघडू लागले. "कुठी नेता?"

"मोटार आमी नासवली ना, नाना? मंग तुमच्या दारात पोचवून देतो."

नाना ओरडत राहिले. वऱ्हाड मागे धुळीत उभं होतं, कोणी पुढे आलं नाही. बरंच अंतर गेल्यावर मागच्या खिडकीतून हलका आवाज आला.

"मामा, थांबा ना. पेला बाबांनीच पाडला."

पाटलांना ते नीट ऐकू आलं. त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि पहूरची वाट धरली.