मामांना भूल दिली तो दिवस

मामा जाऊन वर्षं लोटली, पण सिरिंजमध्ये भुलेचं ते दुधासारखं औषध भरताना पाहिलं की अजून त्यांचीच ओळ ओठांवर येते.

मामा गाऊन निरूपण करायचे. लहानपणापासून मी त्यांच्या मागे उभी राहून झील धरायची. दम घ्यायला त्यांनी ओळ अर्ध्यावर सोडली की पुढे मी उचलायची. नर्स झाले तरी सवय सुटली नाही.

एका थंडीत त्यांच्या पाठीवर भलंमोठं गळू झालं. ताप उतरेना, कापणं भागच होतं, तेही मी नर्स होते त्याच हॉस्पिटलात. नेमकी तेव्हाच श्वासनलिका सुजलेली. खोकला असा की तावदानं हलावीत.

"पाठ कापा नाहीतर सोला," मामा म्हणाले, "पण गळा सांभाळा. देवाने दिलेली तेवढीच चीज आहे माझ्याकडे."

भूलवाल्या मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या. "काका, सुजलेल्या जागी नळी घातली तर घासणार. वासाची भूल दिली तर उबळ येणार. म्हणून नुसतं शिरेतून औषध देते, हळूहळू. श्वास तुमचा तुम्हीच घ्यायचा. पण उबळ आवरली नाही, तर नळी घालावीच लागेल. आत्ताच सांगून ठेवते."

टेबलावर कुशीवर निजवल्यावर मामांनी सिरिंजकडे पाहिलं. "साखर घातलीय ना?"

"आकडे मोजा, काका."

"मोजायला मी काय दुकानदार आहे?" म्हणत त्यांनी मास्कखालून घोगऱ्या आवाजात ओळ धरली. ती अर्ध्यावर आली आणि मामा झोपले.

आणि ती मी उचलली! खड्या आवाजात, भर थिएटरात!

सर्जनचा हात हवेतच थांबला. "सिस्टर, ऑपरेशन करायचंय की सत्संग?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तेवढ्यात मामांच्या छातीतून उबळ उठली. मॅडमनी एका हाताने हनुवटी उचलून धरली, दुसऱ्याने सिरिंजचा दट्ट्या जरासा पुढे सरकवला. ट्रेमध्ये नळी तयारच होती. तिच्याकडे बघवेना. मी देवाचा धावा सुरू केला, या खेपेला मनातल्या मनात. उबळ विरली. मास्कवर पुन्हा संथ वाफ धरू लागली.

"करा सुरू," मॅडम म्हणाल्या.

गळू निघालं. मामांनी डोळे किलकिले केले, तशी मॅडमनी तंबी दिली, "आता आठवडाभर मौन हं, काका."

"आठवडाभर?" मामा गरजले. "त्यापेक्षा पुन्हा झोपवा की!"

खरखरीत, पण त्यांचाच आवाज. सर्जनसुद्धा हसले. मी ट्रॉलीच्या दांड्यावर कपाळ टेकलं.