हळद चढली

“हल्दी है मॅडम,” नर्मदाबाई हसून म्हणाल्या. “पाचवीपासून मीच लावतेय. बघा ना, कशी छान चढलीये.”

डॉक्टर पाटीदारबाईंनी ओल्या कापसानं बाळाचं कपाळ पुसलं. बोळा पिवळा झाला. त्यांनी दुसरा घेतला, पुन्हा पुसलं. हा बोळा पांढराच राहिला आणि कपाळ होतं तसंच पिवळं.

खरं तर बाळाच्या पहिल्या तपासणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईचं काही काम नव्हतं. पण ऋतिकाचे टाके अजून दुखत होते, आणि बाळ धरायचं ते नर्मदाबाईंनीच, हे धारच्या निम्म्या मराठा घरांत ठरलेलंच होतं. बाळाच्या बापाला, रणवीरलाही, त्यांनीच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. तो आता देवासच्या कारखान्यात इंजिनियर होता, तरी नर्मदाबाई त्याचा उल्लेख ‘माझ्या हातचा’ असाच करत. आपल्या हातांची बाईंना जरा मिजासच होती. साय, बेसन आणि हळद चोळून बाळाच्या अंगावर पिवळी झाक आली की घरातल्या बायका कौतुकानं म्हणत, हळद चढली. ते ऐकायला नर्मदाबाईंना फार आवडायचं.

सुटी देताना दवाखान्यानं दोन दिवसांनी दाखवायला सांगितलं होतं. पण मग पाचवी आली, पाहुणे आले, आणि बाळ तर इतकं शांत की कुणाला घाईच वाटली नाही.

“दूध ठीक से पीता है?” डॉक्टरांनी ऋतिकाला विचारलं.

“झोपूनच असतो मॅडम. कल से तो उठाने पर भी नहीं पी रहा.” ऋतिकानं नर्मदाबाईंकडे पाहिलं.

“गुणी आहे ना,” नर्मदाबाई म्हणाल्या. “रडतसुद्धा नाही. हे रणवीरभिया तर घर डोक्यावर घ्यायचे.”

डॉक्टरांनी बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. बाळानं तोंड उघडलं, कसाबसा बारीक आवाज काढला आणि पुन्हा डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्यानं पापणी वर केली.

“इधर देखिए.”

नर्मदाबाई वाकल्या. डोळ्यातलं पांढरं पिवळं होतं. डोळ्यात तर कुणी हळद घालत नाही.

“पीलिया है, बहुत ज्यादा. अभी भरती करना पड़ेगा,” डॉक्टर म्हणाल्या. “हल्दी से नहीं हुआ, पर हल्दी में किसी को दिखा नहीं.”

“वो तो सब बच्चों को होता है ना?” शेजारी उभ्या रणवीरनं विचारलं. “धूप दिखा देंगे.”

“थोड़ा सबको होता है, इतना नहीं. ये दिमाग तक चढ़ जाए तो बच्चा बच भी जाए, पर सुनता नहीं. गर्दन, हाथ-पैर मुड़ते रहते हैं, काबू में नहीं रहते. नजर ऊपर नहीं उठती. और समझता सब है.”

ऋतिका रडायला लागली. नर्मदाबाईंना रडू आलं नाही. त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ही बाई कधी त्यांच्या घरी आली नव्हती, आणि तरी त्यांच्या तरुणबद्दल बोलत होती.

तरुण त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला ऐकू येत नाही. घास तोंडाशी नेला की हात भलतीकडेच जातो. वरचा पंखा बघायचा तर तो सगळी मान मागे टाकतो. आई थकली की मात्र त्याला बरोबर कळतं, मग तो पाणीसुद्धा मागत नाही. नर्मदाबाईंनी दिवस गेलेले असताना ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पोर असं निपजलं, असं सासू म्हणाली होती, आणि नर्मदाबाईंनी ते जन्मभर खरं मानलं होतं. तरुणही पाळण्यात शांत होता. त्यालाही हळद काय सुरेख चढली होती.

नर्सनं त्यांच्या हातातून बाळ घेतलं. नर्मदाबाईंचे हात तसेच पुढे राहिले, मग त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवले.

काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून बाळाला निजवलं होतं. रणवीर येरझाऱ्या घालत होता. नर्मदाबाईंना कुणी बोल लावला नाही. उलट ऋतिकानंच त्यांना पाणी आणून दिलं. कुणीतरी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी दुसऱ्यांदा रक्त काढताना बाळ टाहो फोडून रडलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आल्या.

“उतर रहा है. दूध भी खींच रहा है. समय पर ले आए आप लोग.”

रणवीर मटकन बाकावर बसला. “मावशी, बचला आपला,” एवढंच तो म्हणाला आणि त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. नर्मदाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता. मग त्या उठल्या आणि डॉक्टरांच्या मागे गेल्या.

“मॅडम, जिसको चढ़ गया हो, उसको ये बत्ती लगाई तो चलेगी क्या?”

“आपके घर में और कोई बच्चा है?” डॉक्टर एकदम थांबल्या. “तुरंत ले आइए. कितने दिन का है?”

नर्मदाबाईंनी पदर नीट केला.

“छब्बीस साल का,” त्या म्हणाल्या.