तांदळाएवढा बुडबुडा

तायपिंगला आज पाऊस येईल का, असं कुणी विचारत नाही. किती वाजता येईल, यावर चहाची पैज लागते. अशा गावात गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या कमारुद्दीनचं बरं चाललं होतं. त्या गुरुवारी मात्र झलेहाबाई दुकानात शिरल्या आणि तो हातातली काच उगाच पुसू लागला. चौथीत त्यांनी त्याला गणित शिकवलं होतं. त्या मुलखात शिकवणाऱ्याला जन्मभर ‘चिकगू’च म्हणतात. मागे त्यांचा मुलगा अझलान, हातात गाडीची किल्ली घेऊन.

“दीन, गाडीला गिऱ्हाईक बघ रे.” बाईंनी रताळ्याच्या गोड केरियांचा डबा टेबलावर ठेवला. “मला आता जमत नाही.”

“असं का म्हणता, चिकगू?”

“ते आपोआप चालणारे वायपर! लख्ख उन्हात फडफडतात आणि पावसात ढिम्म. माझाच हात कुठंतरी चुकीचा लागत असणार.”

“हात नाही, डोळे,” अझलान म्हणाला. “परवा पावसात बाजाराच्या भिंतीलाच भिडली असतीस, आई.”

हात नाही नि डोळेही नाहीत, हे कमारुद्दीनला पक्कं ठाऊक होतं. आरशामागची छोटी डबी काचेत न दिसणारा प्रकाश तिरका सोडते. काच कोरडी असली की तो परत येतो. थेंब पडला की थोडा बाहेर निसटतो. जितका निसटला तितका पाऊस, असा तिचा हिशेब, आणि त्यावरच वायपर फिरतात. पण डबी आणि काच यांच्यामधली जेलची चकती घट्ट चिकटलेली हवी. मध्ये हवा राहिली की डबीचा हिशेब बिघडतो.

तीन आठवड्यांपूर्वी बाईंची नवी काच बसवली, तो शुक्रवार होता. नमाजाला उशीर होत होता आणि नवी चकती वरच्या फळीवर. त्यानं जुनीच दाबून बसवली. तांदळाएवढा बुडबुडा दिसला, तरी ‘चालतंय’ म्हणून तो मशिदीत पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. देवाला वेळेवर हजेरी मिळाली. बुडबुडा बाईंच्या वाट्याला आला.

“डबीच खराब आली असेल, चिकगू. बदलून देतो.”

“बघ, किती गुणाचा माझा विद्यार्थी!”

“बदलू दे,” अझलान म्हणाला, “पण किल्ली माझ्याकडेच राहणार.”

बाईंनी मान खाली घातली. वर्गात नेहमी कमारुद्दीनची मान खाली असायची.

“चिकगू, डबी चांगली आहे. बुडबुडा मी ठेवला. बसवतानाच दिसला होता मला.”

बाईंनी मान वर केली. मग वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “परत सांग. अझलानकडे बघून.”

त्यानं सांगितलं. मग शिडी लावून फळीवरची नवी चकती काढली, बसवली, काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. वायपर सरसर फिरले आणि थांबले. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. मुलापुढे तळहात धरला. किल्ली आली.

“तीन आठवडे, दीन,” गाडीत बसताना त्या म्हणाल्या, “मी घरात म्हातारी ठरले होते.”

चारला पाऊस आला. डबा त्यांनी परत नेला असता, तर बरं झालं असतं. तो टेबलावरच होता आणि कमारुद्दीनला एकही केरिया उचलवत नव्हती.