लाल डबी, हिरवी डबी

माझे सासरे सिल्वो यांनी सत्तरी उलटल्यावर एके दिवशी रायफल पुसून कपाटात ठेवली, किल्ली सासूबाईंच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "आता हे पुरे. मला दिसत नाही." पुढचे दोन हिवाळे त्यांनी त्या कपाटाकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाचा नदीच्या खोऱ्यात, आमच्या त्या उतारावरच्या गावात, कुणाला हे पटेना. सिल्वो आणि त्यांचा शेजारी लुद्विक ही शिकारीतली जोडी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनची. मी समुद्राकाठचा, बायकोच्या मागं डोंगरात आलेला. लुद्विक मला शेवटपर्यंत 'मासेखाऊ' म्हणायचा. त्या दोघांनीच मला उतारावर पाय कसा टाकायचा, वारा कसा बघायचा हे शिकवलं.

जुना देश होता तेव्हा दुकानात काडतूस एकाच बनावटीचं मिळायचं. लाल डबी. दोघांच्या रायफली एकाच मापाच्या, म्हणून दर उन्हाळा सरताना ते सकाळच्या आगगाडीनं खाली शहरात जायचे, लाल डब्या घ्यायचे, स्टेशनासमोरच्या खाणावळीत वाइनचा एकेक पेला मारायचे आणि परत येताना डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भांडत यायचे. कशावरून भांडायचे ते त्यांनाही आठवत नसे. डबी उघडली की तेलाचा आणि पुठ्ठ्याचा एक वास यायचा. अजून कुठं तसा वास आला की मला ती गाडी, ते दोघं आणि खिडकीतून आत येणारा धूर आठवतो.

मग तो देश फुटून आमचा वेगळा झाला, दुकानं भरली. लाल डबी दिसेनाशी झाली आणि फळीवर नाना रंगांच्या डब्या आल्या. लुद्विकचा मुलगा बोयान ऑस्ट्रियात कामाला होता. त्यानं बापाची रायफल तिकडं नेऊन तिच्यावर नवी दुर्बीण बसवून आणली आणि सोबत हिरव्या डब्यांतली काडतुसं आणली. तेव्हापासून लुद्विकच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"गोळी ती गोळीच," सिल्वोबाबा म्हणायचे. "नळीतून निघाली की ती कुठल्या डबीतली होती ते तिला आठवत नाही."

"तू रेडिओवरच खूश राहा. लोकांनी टीव्ही घेतले."

बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला लुद्विकनं एक हिरवी डबी रिबीन बांधून आणली. महिन्याभरानं दोघं चर्ना प्रस्त डोंगराच्या कड्याखाली रानबोकडाच्या मागं गेले. म्हातारा, एकांडा बोकड होता, गावच्या शिकारी संघानं त्या वर्षी मारायला तोच नेमून दिलेला. बाबांनी दगडावर पिशवी टेकवली, नीट नेम धरला आणि गोळी झाडली. बोकड पडला नाही. पोट ओढत झुडपांत शिरला. दोघं अंधार पडेस्तोवर शोधत राहिले. सकाळी कुत्रा घेऊन गेले तेव्हा तो एका खळग्यात जिवंत सापडला. बाबांनी त्याला संपवलं. घरी येऊन त्यांनी कपाट बंद केलं ते त्याच दिवशी.

लुद्विकनं ते हसण्यावारी न्यायचं ठरवलं. आमच्याकडं शिकारी भेटले की 'नजर चांगली राहो' म्हणून रामराम करतात. लुद्विक बाबांना चर्चबाहेर, दूध घालायला जाताना, कुठंही गाठून ते मोठ्यानं, एकेक अक्षर ओढून म्हणायचा. संघाच्या झोपडीत तर तो सांगायचा, "सिल्वोला आता पांढरी काठी आणून देतो. बोयानला सांगितलंय, तिकडं चांगल्या मिळतात." लोक हसायचे. बाबाही हसायचे. नंतर त्यांनी झोपडीत यायचंच सोडलं.

त्यांच्या घरी बसण्याचा जाच झाला तो सासूबाईंना. युस्तिना नाव त्यांचं. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी मला ओट्याशी बोलावलं आणि हलक्या आवाजात सुरू झाल्या.

"हे बघ, या माणसानं माझ्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली. तीन बोटं कापून घेतली मी. माझे मसाल्याचे डबे त्यानं उंचीप्रमाणं लावलेत. मला काही सापडत नाही. मी मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळते, तर मागं उभा राहून सांगतो, डावीकडून ढवळ."

"मी काय करू, आई?"

"ती रायफल तू घे. निदान ते कपाट रिकामं होईल, तर त्यात बरण्या ठेवीन. आणि तुझ्या हातात ती दिसली तर याला काही वाटतं का बघू."

मी बाबांना विचारलं. ते नासपती सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "ने. खणात काडतुसं आहेत, तीही ने. आधी कागदावर मारून बघ म्हणजे झालं."

मी एकटा जाणार नव्हतो. संघाच्या नियमानं जुन्या माणसाबरोबर जावं लागे, आणि जुनं माणूस म्हणजे लुद्विक. शनिवारी सकाळी आम्ही नदीपलीकडच्या बंद दगडखाणीत गेलो. लुद्विकनं स्वतःचीही रायफल आणली होती. मला दाखवायला.

खणातनं निघालेली अर्धी लाल डबी मी आधी घेतली. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. कागद आणून पाहिला तर तिन्ही भोकं बरोबर मधोमध, एका अक्रोडाखाली झाकली जातील इतकी जवळ.

"वा रे मासेखाऊ," लुद्विक म्हणाला. "नळी जपलीय म्हाताऱ्यानं. आता खरं काडतूस घाल."

मी हिरव्या डबीतली तीन झाडली. ती मधोमध नव्हती. मला वाटलं, कागदावर लागलीच नाहीत. मग दिसली, खाली डावीकडं, मध्यापासून चांगल्या वीतभर अंतरावर. पण तीही एकमेकांना चिकटून.

"झटका दिलास तू."

"तीनदा सारखाच?"

"सरक."

लुद्विक आडवा झाला. गुडघे दुखतात म्हणून त्याला वेळ लागला. त्यानं दोन झाडल्या. त्याही तिथंच, माझ्या भोकांच्या शेजारी. स्वतःच्या रायफलीत त्यानं तेच हिरवं काडतूस घातलं, ते मधोमध बसलं. दुसरंही बसलं. मग त्यानं माझ्याकडं हात केला, मी लाल डबी दिली. त्याच्या रायफलीतनं लाल काडतूस वर उजवीकडं भरकटलं.

"मला वाटायचं," तो हळूच म्हणाला, "ही चांगली आहेत म्हणून लागतात."

"चांगलीच आहेत, काका. पण बोयाननं दुर्बीण बसवून घेतली ती या हिरव्यांवर नेम जुळवून. बाबांची दुर्बीण लालवर जुळलेली."

"इथं वीतभर. म्हणजे तिकडं, त्या लांबीवर..." त्यानं हातानं बोकडाची छाती दाखवली, मग हात पोटाकडं नेला आणि तिथंच थांबला.

तो दगडावर बसला. पायाखालच्या मोकळ्या पुंगळ्या उचलून खिशात टाकत राहिला. मी म्हटलं, मी सांगतो त्यांना. तो म्हणाला, "नाही. पांढऱ्या काठीचं मी बोललो होतो." त्यानं कागदाची घडी केली आणि कोटात ठेवली.

बाबा स्वयंपाकघरातच होते, अजून नासपतीच सोलत होते. वाळवायच्या फोडींनी सगळं टेबल भरलं होतं. लुद्विकनं टोपी काढली, फोडी बाजूला सारल्या आणि कागद पसरला.

"हे मधलं तुझ्या लालचं. जावयानं मारलं. आणि हे खालचं हिरव्याचं, तुझ्याच रायफलीतनं. यातली दोन माझी."

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. एक बोट मधल्या भोकांवर आणि दुसरं खालच्यांवर ठेवलं.

"तुझे डोळे धड होते, सिल्वो," लुद्विक म्हणाला. "डबी मी दिलेली."

"माहीत आहे. रिबीन तूच बांधली होतीस, वाकडी."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. पण त्यांचा चेहरा उतरला. कागद त्यांनी हळूच लुद्विककडं सरकवला.

"डोळे गेले म्हणत होतो तोवर ठीक होतं," ते म्हणाले. "वय झालं की डोळे जातात, त्यात माणसाचा काय दोष? नवं काडतूस आधी कागदावर मारून बघायचं, हे मी संघातल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं. यालाही शिकवलं. आणि मी स्वतः बघितलं नाही. थोडीच होती, भेट आलेली, कागदावर वाया कशाला घालवायची, असं वाटलं. तू शेजारी उभा होतास, तुझ्यासमोर ती चांगलीच निघायला हवी होती. त्या बोकडानं रात्रभर काय काढलं असेल?"

सासूबाई ओट्याकडं तोंड करून उभ्या होत्या, पण त्यांचा हात थांबला होता.

"तुला राग आला असता तर बरं झालं असतं," लुद्विक म्हणाला. "दे की चार शिव्या."

"तुला देऊन काय उपयोग?"

"मग एक ऐक. दोन वर्षं मी झोपडीत शिकारीच्या गोष्टी सांगतोय ना, सगळ्या थापा आहेत. मी वर गेलेलोच नाही. ओढ्यापर्यंत जातो, बसतो, भाकरी खातो आणि परत येतो. गुडघे आहेतच, पण ते नुसतं निमित्त. पुढं तुझी पाठ दिसली नाही की पाय उचलत नाही."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच थोडं हसू आलं त्यांना.

"मागच्या शरदातली ती कड्यावरची मादी? जिच्यामागं तू दोरानं उतरलास?"

"कसली मादी."

"दोर पण खोटा?"

"दोर युस्तिनाचा, कपडे वाळत घालायचा. परत दिलाय."

सासूबाई वळल्या. "दोघंही उठा," त्या म्हणाल्या. "हे टेबल मला लागतंय. बोलायचं असेल तर बाहेर बोला, डोंगरावर जाऊन बोला, पण माझ्या नासपतीवर कोपरं टेकू नका."

पुढच्या शनिवारी बाबा स्वतः खाणीत आले. लालची थोडीच उरली होती आणि नवी मिळणार नव्हती, म्हणून हिरवीच घ्यायची ठरली. त्यांनी तीन झाडल्या, कागद पाहिला, दुर्बिणीवरचा स्क्रू नाण्यानं फिरवला, नळी गार होऊ दिली, पुन्हा झाडल्या. घाई केली नाही. लुद्विक शेजारी बसून सल्ले देत होता आणि बाबा एकही ऐकत नव्हते. दुपारपर्यंत भोकं मधोमध आली. तरी बाबांनी अजून एकदा खात्री केली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन थंड नळीची पहिली गोळी कुठं बसते तेही पाहिलं.

त्यानंतर ते दोघं अजून काही शरद वर जात राहिले. मग एका हिवाळ्यात बाबा गेले. शिकाऱ्यांच्या रिवाजानं आम्ही सगळ्यांनी फर झाडाची एकेक डहाळी त्यांच्या कबरीत टाकली, लुद्विकनं दोन टाकल्या. वसंत येता येता तोही गेला. ती रायफल आता माझ्याकडं आहे. दगडखाणीत कुंपण घातलंय आणि खालच्या गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती सकाळ, ते दोघं पुन्हा पहिल्यांदा वर गेले तेव्हाची. माझा पाय मुरगळला होता म्हणून मी खालीच राहिलो. दोघं गवत वाळवायच्या मांडवांमधून चढत होते, बाबा पुढं, लुद्विक मागं, आणि त्यांच्या भांडणाचा आवाज अंगणापर्यंत येत होता. झाडीत शिरल्यावर तो थांबला.

"सुटले," सासूबाई म्हणाल्या. डबे त्यांनी आपल्या मनासारखे लावले, एकटीपुरती कॉफी केली आणि मग आठवण होऊन मलाही दिली. कॉफी तशीच ठेवून त्या अंगणात गेल्या. आत आल्या. पुन्हा गेल्या. उतारावर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पिवळं पडलेलं रान.

बऱ्याच वेळानं वरून गोळीचा एक आवाज आला आणि खोऱ्यात घुमत गेला. त्या दारातच उभ्या राहिल्या, हात ॲप्रनला पुसत. मीही कान दिला. घुमणं विरलं, खाली नदीचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. दुसरी गोळी झाडावी लागली नाही. त्या आणखी थोडा वेळ तशाच थांबल्या, मग आत आल्या आणि त्यांनी पोलेंट्यासाठी मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं.