गाळाची पकड

विजयकरांना अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठायचा होता, मला विजयकरांना.

माझगावला धक्क्यालगत नव्या गोदामाच्या पायासाठी पोलादी पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, ठोकून झाल्या होत्या. त्या किती भार पेलतील, हे चाचणी घेऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. कंत्राटदार वीरेंद्र विजयकर एकेकाळी माझे साहेब. नायगावात त्यांच्या घाईपायी एक भिंत खचली, तेव्हा भरल्या बैठकीत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं होतं. नोकरी गेली. डिलाईल रोडच्या चाळीत बाबा लाजेने ओट्यावर बसेनासे झाले.

"काय मधुरा, अजून फुगलेलीच?" ते हसले. "उद्याच टेस्ट लाव. मुहूर्ताला पाहुणे बोलावलेत."

पाइल ठोकताना खाडीचा गाळ ढवळला जातो, स्वतःचं बळ विसरतो. मग दिवसांमागून दिवस तो मुकाट्याने पोलादाला बिलगत जातो. काही आठवडे थांबलं, तर तीच पाइल कितीतरी अधिक भार पेलते. हे विजयकरांनीच मला शिकवलं होतं. मुहूर्ताच्या नादात ते विसरले, आणि मी आठवण करून दिली नाही.

"चालेल, सर," मी एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जॅकने पाइलवरचा भार वाढवत नेला. पाइल किती खचते ते दाखवणारा डायलवरचा काटा आधी बिचकत सरकला, मग थांबेचना. ठरलेल्या भाराच्या बऱ्याच अलीकडे पाइलने धीर सोडला.

"अहो विजयकर, ही तर लोण्यात सुरी जावी तशी गेली!" गोदामाच्या मालकीण राजलक्ष्मीबाई कडाडल्या. "सगळ्या उपटा. दुसरा माणूस बघते मी."

विजयकरांचा चेहरा राखेसारखा झाला. "गाळ बसला नाहीये अजून... मधुरा, बोलली का नाहीस?"

"विचारलंत कुठे?"

"फेरचाचणीत धरेल ती. बाईंना सांग ना. तुझं ऐकतील."

कामगार, मुकादम, बाई, सगळे माझ्याकडे पाहत होते. खोटं बोलायची गरजच नव्हती.

"धरेल," मी म्हणाले. "पाइल निर्दोष आहे. पण मुहूर्त रद्द करून थांबावं लागेल. घाई कुणाची होती, ते साहेब सांगतील."

ते जमिनीकडे पाहत पुटपुटले, "माझी."

"मोठ्याने, सर. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"घाई माझी होती!"

खारा वारा तो आवाज घेऊन गेला. मला मात्र तो पुन्हा ऐकायचा होता.