एकट्याची केबिन

सोलापूर–दुधनी पॅसेंजर ओढणारं विजेचं इंजिन निवृत्त झालं, तेव्हा त्याच्यासमोर नारळ फुटला, झेंडूचा हार पडला, पेढे वाटले गेले आणि इंजिन गप उभं राहिलं. बिचारं दुसरं काय करणार? मुळात ते आपल्याकडं आलंच होतं सेकंडहँड. ऐन उमेदीची वर्षं दुसरीकडं कुठंतरी झिजवून, आपल्या मार्गावर विजेच्या तारा आल्यावर इकडं धाडलेलं. एप्रिल-मेमध्ये त्याच्या केबिनीत पापड भाजून निघाले असते. तरी ड्रायव्हर यशवंत बनसोडे नारळाच्या कार्यक्रमापासून जरा बाजूला थांबले आणि गर्दी पांगल्यावर त्यांनी स्वतःच्या रुमालानं इंजिनाची पुढची काच पुसली. भंगारात निघालेल्या इंजिनाची काच कशाला पुसता, असं कुणीही विचारलं नाही.

त्याच्या जागी आली मेमू. मेमूला वेगळं इंजिन नसतं. मोटारी डब्याखालीच असतात आणि ड्रायव्हरची केबिन म्हणजे पहिल्या डब्याचं नाक. दुधनीला इंजिन सोडा, बाजूच्या रुळावरून फिरवा, दुसऱ्या टोकाला जोडा, ही अर्ध्या तासाची कटकट संपली. यशवंतराव डिझेलवरून विजेवर आलेले गडी. त्यांनी मेमूचं पुस्तक तीन आठवड्यांत पालथं घातलं आणि लेखी परीक्षेत तिशीतल्या पोरांपेक्षा जास्त मार्क काढले. वर, "हे तर आमच्या स्कूटरपेक्षा सोपं आहे," असंही चारचौघांत बोलून बसले. बोलायला नको होतं.

कारण मशीन सोपं होतं, पण केबिनीत माणूस एकटाच होता.

रेल्वेत सिग्नल नुसता बघून भागत नाही, तो बोलावा लागतो. ड्रायव्हरनं हात वर करून "हिरवा!" म्हणायचं आणि शेजारच्या असिस्टंटनं स्वतः बघून "हिरवा!" म्हणून परत सांगायचं. दोन तोंडं जुळली की गाडी हलते. यशवंतरावांची सत्तावीस वर्षं याच्यात गेली होती. शेवटची चार वर्षं शेजारी मायाप्पा होता. त्याचा आवाज असा, की त्यानं "हिरवा!" म्हटलं की प्लॅटफॉर्मवरची कुत्री उठून बसायची. मायाप्पा आता मालगाडीवर गेला. मेमूत असिस्टंटची जागाच नव्हती.

गाडी चालवून दाखवायच्या पहिल्या चाचणीला लोको इन्स्पेक्टर अद्वैत जोशी मागं उभे होते. पस्तिशीचा माणूस, हातात कागद, आणि चाचणी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही असा नियम. होटगीला सिग्नल हिरवा झाला. निघा म्हणून गार्डची घंटी दोनदा वाजली. यशवंतरावांनी हात वर केला, खणखणीत आवाजात "हिरवा!" म्हटलं आणि ते थांबले. हात हँडलवर, डोळे सिग्नलवर, सगळं जागच्या जागी, आणि गाडी ढिम्म. गार्डनं पुन्हा घंटी मारली तेव्हा ते दचकले. तिलाटीला तेच. अक्कलकोट रोडला तेच. दुधनीला गाडी नऊ मिनिटं उशिरा पोचली, आणि सोलापूरला ऑफिस गाठायला परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या लोकांनी सगळा राग केबिनीच्या काचेवर काढला.

"काका, चुकलं काहीच नाही तुमचं," जोशीसाहेब ओशाळून म्हणाले. "पण तुम्ही कुणाची वाट बघत होता?"

यशवंतरावांनी शेजारी, मायाप्पा असायचा तिकडं पाहिलं. दहा दिवसांनी आणखी एक चाचणी मिळणार होती. तीही गेली, तर निवृत्तीपर्यंतची अडीच वर्षं स्टेशनच्या लॉबीत, ड्यूटीची हजेरी लागते तिथं बसून दुसऱ्या ड्रायव्हरांना दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावायचं. ज्यानं जन्मभर गाडी चालवली त्यानं आता लोकांचा श्वास मोजायचा! त्या दिवशी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर ते जेवले नाहीत.

बायको येसूबाई दुधनीची. सरळ बोलणारी बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी कुनी व्हय म्हटल्याबिगर तुमचा हात हलत न्हाय?"

"तसंच काहीतरी."

"मग त्यात नवीन काय हाय? घरातबी तसंच की. 'निघतो' म्हनता आन् मी व्हय म्हनंपर्यंत दारात चप्पल घालून हुबं ऱ्हाता. मला वाटायचं, लई जीव हाय माझ्यावर."

यशवंतराव चिडले. जीव होताच, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. येसूबाईनं मात्र तिथंच ठरवून टाकलं. दहा दिवस ती त्यांच्या कुठल्याही बोलण्याला उत्तर देणार नव्हती, हूं की चूं करणार नव्हती. रोज स्कूटरवर मागं बसून आसरा चौकापर्यंत येणार होती, आणि सिग्नल सुटला की त्यांनी एकट्यानं बोलून एकट्यानं निघायचं.

पहिल्या दिवशी सिग्नल हिरवा झाला. "हिरवा!" यशवंतराव ओरडले. मागं शुकशुकाट. स्कूटर जागची हलेना. मागून एका रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ओ चच्चा, हरा हो गया की! अब क्या दावतनामा भेजूं?" येसूबाई हसली, पण पदरात.

ते दिवस वाईट गेले. "चहा कडू झालाय" याला उत्तर नाही, "माझा चष्मा कुठाय" याला उत्तर नाही. भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं. सहाव्या दिवशी त्यांनी चिडून चष्मा स्वतः शोधला, तो फ्रिजवर सापडला आणि त्यांना उगाच बरं वाटलं. आठव्या दिवशी चौकात "हिरवा!" म्हटलं आणि स्कूटर अशी सुटली की येसूबाईनं घाबरून त्यांचा शर्ट धरला. तरीही ती बोलली नाही.

दुसऱ्या चाचणीच्या सकाळी त्यांनी दारात चप्पल घातली, "निघतो" म्हटलं आणि निघाले. 

होटगी आलं. मागं जोशीसाहेब, हातात कागद. सिग्नल पिवळ्याचा हिरवा झाला, घंटी दोनदा वाजली. यशवंतरावांनी हात वर केला. "हिरवा!" केबिनीत कुणी बोललं नाही. त्यांनी सिग्नलकडं आणखी एकदा नीट पाहिलं. मायाप्पानं जसं पाहिलं असतं, तसं पाहिलं. हिरवाच होता. त्यांनी हँडल पुढं केलं आणि मेमू निघाली. पुढं तिलाटी, अक्कलकोट रोड, बोरोटी. प्रत्येक सिग्नलला ते बोलत गेले, आणि गाडी त्यांच्या एकट्याच्या शब्दावर दुधनीला वेळेत लागली.

जोशीसाहेबांनी केबिनीतच सही ठोकली. "काका, आता बोलायला हरकत नाही ना?" म्हणत त्यांनी हात इतका जोरात दाबला की बोटं दुखली.

यशवंतराव खाली उतरले. आता फक्त प्लॅटफॉर्मवरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनीत जायचं होतं. पहिल्या डब्याच्या दारात येसूबाई उभी होती, पदराचा बोळा हातात घेऊन.

"तू? माहेरी चाललीस?"

"कुटलं माहेर! तिकीट काढून तुमच्या पाठीमागं बसले. केबिनीच्या भिंतीला टेकूनच." दहा दिवसांत तिनं पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं, आणि तिचे डोळे भरले होते. "लगीन झाल्यापासनं तुमी इंजनात, आन् इंजन लांब पुढं. तुमी कामावर कसं बोलता ते मला कवा ऐकूच आलं न्हाय. आज सगळं ऐकलं. एवढा मोठा आवाज घरात कुटं ठेवता हो?"

यशवंतराव तिच्या हातातल्या पदराकडं बघत होते. त्याचं टोक ओलं होतं, चावलेलं होतं.

"हे काय?"

"मग काय करू? दर टायमाला 'हिरवा' अगदी दातापर्यंत यायचा. कबूल केलं व्हतं ना, बोलनार न्हाय म्हनून." तिनं पदर झटकला. "आता परतीला बोलू का? पास तर झालाय."

यशवंतराव दोन पावलं गेले आणि वळले. सगळ्या प्लॅटफॉर्मदेखत ते मोठ्यानं म्हणाले,

"बोलू नकोस. पण तिकडच्या टोकाला ये, आणि पहिल्याच डब्यात बस."