लिलावातल्या घराचा नळ

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना पितळी नळ. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. मला बंद केलं तरी आत पाणी ढकलत असतं, आणि वायसर झिजला की थेंब थेंब चुळबुळ सुरू होते. मनाचंही तसंच आहे.

कारखान्यात मला साच्यात ओतलं, कानस लावून गुळगुळीत केलं आणि एका बैठ्या घरात सिंकवर बसवलं. तिथे मी वर्षानुवर्षं राबलो. घरातल्या बाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या नळाची धार बघा, भांडं धरलं की भरलंच." मी फुशारून जायचो. मग ते लोक गेले, घर बँकेच्या ताब्यात आलं, बाहेरचा कॉक बंद झाला आणि दाराला कुलूप लागलं. पालींशिवाय माझ्याकडे कुणी फिरकेना. घसा कोरडा, आणि वाट कुणाची बघायची तेही ठाऊक नाही.

शेवटी ते घर लिलावात एका सुताराने घेतलं. त्याचं स्वतःचं छोटं दुकान होतं. त्याची आई तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत अडकून पडली होती. गुडघे गेल्यापासून ती जिने उतरून खाली आली नव्हती, मातीवर पाऊल टेकवलं नव्हतं. या घराला एकही पायरी नाही एवढंच बघून त्याने बोली लावली, आणि साठवलेलं सगळं बयाणा म्हणून भरून टाकलं. बाकीची रक्कम मुदतीत भरली नाही, तर बयाणाही बुडणार आणि घरही जाणार. त्यासाठी कर्ज हवं होतं.

दोन बँकांनी त्याला वाटेला लावलं. त्यांना पगाराची स्लिप हवी होती. "मालकही मीच आणि नोकरही मीच, स्लिप कुणाकडे मागू?" असं विचारून तो हात हलवत परत आला. तिसऱ्या बँकेतल्या बाईंनी मात्र त्याच्या धंद्याचे हिशेब धीराने तपासले आणि मान डोलावली. आता बँकेचे साहेब घर बघून गेले की काम झालं.

आणि इथेच सुताराने घोळ घातला. लिलाववाल्यांनी त्याला माप घेण्यापुरती किल्ली दिली होती. तो टेप घेऊन आत आला, तर सिंकखालचं कपाट एका अंगाला कललेलं. वाकडी वस्तू दिसली की या माणसाचे हात शिवशिवतात. आधी त्याने कपाटाचं दार काढलं, मग सिंक, मग कपाट, आणि सगळं मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. उघड्या भिंतीचं नेमकं माप मिळालं म्हणून गडी खूश. मला खिशात टाकलं, किल्ली परत केली आणि घरी आला.

त्याच्या आईने मला मांडीवर घेऊन फडक्याने घासायला सुरुवात केली. घासता घासता तिचं लक्ष सारखं खिडकीतून खाली, रस्त्याकडे. मी जरा चमकायला लागलो, तेवढ्यात बँकेतून फोन आला. साहेब घर बघून आले होते. घरात स्वयंपाकघर नाही, पाणी नाही, घर राहण्याजोगं नाही, तेव्हा कर्ज देता येणार नाही.

सुताराच्या बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

"अहो, तुम्ही माप घ्यायला गेला होतात ना?"

"माप नीट यावं म्हणूनच काढलं गं."

"उद्या शिंप्याकडे माप द्यायला गेलात, तर हात तिथेच काढून ठेवून याल."

आईने फडकं बाजूला ठेवलं आणि खिडकी लावून घेतली.

बायकोने बँकेत जाऊन सगळी हकीकत सांगितली. बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या की मुदतीच्या आत साहेबांना पुन्हा पाठवते. सुताराला लगेच हुरूप आला. "तोवर नवं कपाटच करून टाकतो," तो म्हणाला. बायकोने त्याच्या हातातला टेप काढून घेतला. "जे होतं ते, जसं होतं तसं. वाकडं तर वाकडं."

लिलाववाल्यांच्या नाकदुऱ्या काढून किल्ली पुन्हा मिळवली. कपाट जागेवर बसवताना सुताराचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं. त्याने गुपचूप एका पायाखाली लाकडाची पाचर सरकवली. बायकोने ती ओढून काढली. मग मला सिंकवर बसवलं आणि बाहेरचा कॉक उघडला, तोच साहेब दारात उभे.

त्यांनी मला फिरवलं. नुसती हवा आली. मी खोकलो, गुरगुरलो, नवराबायको श्वास रोखून उभे. मग गंजाचं लाल पाणी आलं, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ. साहेबांनी हात धुतले आणि खाली पाहिलं.

"कपाट वाकडं आहे हो हे."

"आहे," सुतार दात आवळून म्हणाला.

ते गेले, आणि दाराला पुन्हा कुलूप लागलं. कर्ज मंजूर झालं की नाही, हे मला कोण सांगणार? जरा पावलं वाजली की वाटायचं, आले. थेंब थेंब गळत मी सिंकमध्ये डाग पाडून ठेवला.

मुदत संपता संपता कर्ज मिळालं. हे मला कळलं ते आई सुनेच्या हाताला धरून आत आली तेव्हा. सामान अजून टेम्पोतच होतं. आईने मला उघडलं, सोबत आणलेला मग भरून घेतला आणि सुनेचा हात सोडून, भिंतीला धरत मागच्या दाराने एकटी अंगणात गेली. चपला काढून ती मातीत उभी राहिली. मग वाकून तिने मगातलं पाणी सावकाश स्वतःच्याच पावलांवर ओतलं. सून मागे धावणार होती. सुतार हलकेच म्हणाला, "राहू दे तिला."

मित्रांनो, नळ उघडा टाकून कधी जाऊ नका. पाणी वाया जातं आणि वायसरही झिजतो. त्या दिवशी मात्र ती परत येईपर्यंत मला कुणीच बंद केलं नाही.